वेग खांद्यात नसतो, पुढच्या पायात असतो

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं वेगवान गोलंदाजीवरची आहेत. कारण उघड आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता आणि आपल्या सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी २०२४ मध्ये त्याच स्पर्धेत खेळला. दोघंही सीमवर, म्हणजे चेंडूच्या शिलाईवर, चेंडू टाकणारे. त्यामुळे सकाळी पार्क मैदानावर येणारा जो तो पोरगा आता नवा चेंडू मागतो. मला याचा फार आनंद आहे. फलंदाजीची पत्रं पुढच्या अंकात घेतो, आज फक्त बॉलिंग.

प्रश्न : सर, मी १७ वर्षांचा आहे, विडी घरकुलला राहतो. उंची ५ फूट १० इंच. आतापर्यंत टेनिस बॉलवरच खेळलो, लेदर बॉल यंदाच हातात घेतला. रनअप २२ पावलांचा आहे. पूर्ण ताकद लावतो तरी कीपर म्हणतो, बॉल हातावर लागत नाही. तीन ओव्हर झाल्या की खांदा भरून येतो. खांद्यासाठी कोणता व्यायाम करू? ताशी १३० किलोमीटरचा वेग येईल का? सोबत व्हिडिओ पाठवला आहे.

उत्तर : खांद्याचा व्यायाम सांगतो, पण शेवटी. आधी तुझा व्हिडिओ चेंडू सुटायच्या क्षणाला थांबव आणि नीट बघ. डावा गुडघा केवढा वाकलाय! डोकं डाव्या खांद्याच्याही बाहेर गेलंय. २२ पावलं पळून तू जो वेग कमावतोस, तो सगळा त्या वाकलेल्या गुडघ्यात जिरतो. मग उरलेलं काम तू खांद्याकडून ओढून घेतोस, म्हणून तो तिसऱ्या ओव्हरला बोलायला लागतो.

वेग कुठून येतो ते समजून घे. सात रस्त्याला सिटी बस करकचून ब्रेक मारते तेव्हा बस जागेवर थांबते, पण दांडी धरून उभा असलेला माणूस पुढे फेकला जातो. तुझा पुढचा पाय हा तो ब्रेक आहे. पाय ताठ राहिला की खालचं अंग थांबतं, कमरेच्या वरचं अंग पुढे झेपावतं आणि त्याच्या मागून हात येतो. गुडघा वाकला की ब्रेक लागतच नाही, बस आपली घरंगळत पुढे जाते.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात वेगवान गोलंदाजांच्या ॲक्शन मोजून अभ्यासल्या गेल्या, त्यातून वेगाशी बांधलेल्या चार गोष्टी पुढे आल्या. रनअपचा वेग, चेंडू सुटेपर्यंत सरळ राहणारा पुढचा पाय, छातीचं पुढे झुकणं आणि चेंडूचा हात उशिरा येणं. खांद्याची ताकद या चारांत नाही. यातली ‘हात उशिरा’ ही गोष्ट पोरांना सगळ्यात उशिरा कळते. आधी कंबर फिरते, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. ऑस्ट्रेलियाच्या जेफ थॉमसनची जुनी चित्रफीत मिळाली तर बघ. त्याचा चेंडूचा हात पाठीमागे दडलेला असायचा, फलंदाजाला दिसायचाच नाही, आणि १९७० च्या दशकात तो ताशी १६० किलोमीटरच्या घरात टाकायचा.

तुझी अडचण टेनिस बॉलपासून सुरू झाली आहे. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास असतो, तो नुसत्या हाताच्या झटक्यानेही पळतो. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट वजन. तिथे नुसता हात पुरत नाही, अख्खं अंग लागतं.

आता काय करायचं ते सांगतो. पहिले तीन आठवडे रनअप विसर. क्रीजवर आडवा उभा राहा, वजन मागच्या पायावर घे, एक पाऊल टाक आणि चेंडू सोड. पुढच्या पायाची टाच आधी टेकली पाहिजे, मग पूर्ण तळवा, आणि चेंडू सुटेपर्यंत गुडघा ताठ. डावा हात बाहेर भिरकावू नकोस, सरळ वरून खाली, कमरेजवळ खेच. हे जमलं की तीन पावलांवरून, मग सहा. घाई केलीस तर जुनी सवय परत येते, हे मी नेटमध्ये कितीतरी पोरांचं बघतो. हा सगळा सराव मातीवर कर. आपल्याकडे बऱ्याच नेटमध्ये सिमेंटवर मॅटिंग अंथरलेलं असतं. पुढचा पाय टेकतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो, आणि सिमेंट त्यातला काहीच पिऊन घेत नाही. सिमेंटवर रोज पूर्ण जोरात टाकणं म्हणजे गुडघा, घोटा आणि पाठ तिन्ही झिजवणं.

मग रनअप. तुला २२ पावलांची गरज नाही. शोएब अख्तर सीमारेषेजवळून यायचा आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने १६१.३ टाकला हे खरं, पण बुमराचा रनअप किती आखूड आहे बघ, तरी तो १४० च्या पुढे जातो. मोकळ्या मैदानात डोळे समोर ठेवून पळ, अंगाला वाटेल तिथे जंप घे आणि मित्राला जंपच्या जागी खूण करायला सांग. असं आठ-दहा वेळा केलंस की खुणा एका पट्ट्यात पडतात. ते अंतर टेपने मोज, तोच तुझा रनअप. माझा अंदाज १४ ते १६ पावलांचा आहे. सुरुवात सावकाश, शेवटच्या चार-पाच पावलांत सगळ्यात जास्त वेग, आणि जंप वर न घेता पुढे. तुझी जंप वर जाते. तू हवेत असतोस तेवढा वेळ तुझा वेग मरत असतो.

१३० चं विचारलंस. स्पीडगन नको, मोबाइल पुरे. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाइल मित्राकडून घे आणि बाजूला स्टँडवर ठेव. चेंडू हातातून सुटतो तिथपासून टप्प्यापर्यंत टेपने मोज. गुड लेंथला, म्हणजे फलंदाजाला पुढे यावं की मागे राहावं ते कळत नाही अशा टप्प्याला, ते अंतर साधारण १३ मीटर भरतं. चेंडू सुटल्यापासून टप्पा पडेपर्यंत ९६ फ्रेम लागल्या तर ०.४० सेकंद झाले, म्हणजे ताशी ११७. ८६ फ्रेम लागल्या तर १३०. हातातून सुटतानाचा खरा वेग याहून थोडा जास्त असतो, कारण हवेत चेंडू मंदावतो. महिन्यातून एकदाच मोज. रोज मोजलंस तर ॲक्शन सोडून आकड्यामागे लागशील. १३० येईल की नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण तुझी उंची आणि हाताची चपळाई बघता आत्ताचा वेग नक्की वाढेल.

खांद्याचं आता. व्यायामाचा रबर बँड खिडकीच्या गजाला बांध, कोपर अंगाला चिकटव आणि हात बाहेरच्या बाजूला फिरव, हळू, दोन्ही हातांनी. त्याने खांद्याची मागची बाजू घट्ट होते, हात थांबवायचं काम तीच करते. बाकी तुमच्या पेठेत तालीम असेलच, तिथे जोर-बैठका मार. पोटऱ्या, मांड्या, पार्श्वभाग आणि पोट, इथे ताकद आण. आरशात दिसणाऱ्या दंडांचा बॉलिंगला फार उपयोग नाही.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, उजव्या हाताने बॉलिंग करतो. दोन महिन्यांपासून कमरेच्या वर डाव्या बाजूला दुखतं म्हणतो. शाळेचा संघ, क्लबचं नेट आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा, सगळीकडे खेळतो. त्याचे प्रशिक्षक म्हणतात की फास्ट बॉलरला दुखणारच, सहन करायला शिकलं पाहिजे. बाम लावते, शेक देते. काय करावं? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, आजपासून त्याची बॉलिंग बंद करा. हे वाचून झाल्यावर लगेच. बॅटिंगसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आणि हाडांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जा, बामावर वेळ घालवू नका.

उजव्या हाताच्या गोलंदाजाला कमरेवर डाव्या बाजूला दुखतं, मागे झुकलं की वाढतं, बसून राहिलं की कमी होतं, असं असेल तर मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणाची चीर पडत असण्याची शक्यता असते. चौदाव्या वर्षी ते हाड पुरतं भरलेलं नसतं. साध्या एक्स-रेत ही चीर सुरुवातीला पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, डॉक्टरांना ‘पोरगा फास्ट बॉलिंग करतो’ हे मुद्दाम सांगा. वेळेत कळलं तर विश्रांतीने हाड भरून येतं. तसंच दामटलं तर चीर पूर्ण तुटीवर जाते, मग तो पोरगा वर्षानुवर्षं वाकून चप्पल घालतानाही कळवळतो.

सहन करायला शिकावं लागतं हे थकव्याच्या बाबतीत खरं आहे. हाडाच्या बाबतीत अजिबात खरं नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला असं सांगणाऱ्या मोठ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. डेनिस लिली हा ऑस्ट्रेलियाचा महान गोलंदाज १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाठीच्या याच दुखण्याने कोसळला. दीड वर्ष बाहेर बसला, ॲक्शन बदलली, मग परत आला आणि ३५५ कसोटी बळींवर थांबला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या पोरांना शिकवताना पाठीची काळजी हा त्याचा मोठा आग्रह होता. बुमराला २०१९ मध्ये हेच झालं, २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. थांबल्याने करिअर बुडत नाही, ताई.

बरा झाल्यावर दोन गोष्टी पाळा. पहिली म्हणजे ओव्हर मोजा. इंग्लंडच्या बोर्डाची मर्यादा सोपी आणि शहाणपणाची आहे. १३ वर्षांपर्यंत एका स्पेलला, म्हणजे एका दमात, ५ ओव्हर आणि दिवसाला १०. १४-१५ वर्षांना ६ आणि १२. १६ ते १९ ला ७ आणि १८. आपल्याकडे अडचण अशी की शाळेचे सर त्यांच्या ओव्हर मोजतात, क्लबचे त्यांच्या, आणि रविवारच्या स्पर्धेतल्या कुणीच मोजत नाही. पोराची पाठ मात्र एकच. म्हणून ही बेरीज घरी झाली पाहिजे. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकोनात त्याने टाकलेल्या चेंडूंचा आकडा लिहा, नेटमधलेसुद्धा. एखाद्या आठवड्यात तो आकडा एकदम दुप्पट झाला की तुम्हीच सांगा, ‘उद्या नाही.’

दुसरी गोष्ट त्याची ॲक्शन. मागचा पाय टेकतो तेव्हा कंबर फलंदाजाकडे आणि खांदे मात्र आडवे, अशी मिश्र ॲक्शन असेल तर प्रत्येक चेंडूला पाठ पिळली जाते. कंबर आणि खांदे एकाच दिशेला हवेत, दोन्ही समोर किंवा दोन्ही आडवे. तो बरा झाला की त्याचा समोरून आणि बाजूने घेतलेला व्हिडिओ मला पाठवा, मी नक्की बघेन.

प्रश्न : मी पंढरपूरची, वय १६. मुलांबरोबर सराव करते. माझा बॉल नेहमी आतच येतो आणि लेगला जातो. आऊटस्विंग, म्हणजे बाहेर जाणारा बॉल, कसा टाकू? मुलं म्हणतात मुलींना वेग नसतो, स्पिन टाक.

उत्तर : स्पिन आवडत असेल तर टाक, मुलं म्हणतात म्हणून नको. झूलन गोस्वामी वेगवान गोलंदाजी करतच एकदिवसीय क्रिकेटमध्ये २५५ बळींपर्यंत गेली आणि २०२२ मध्ये लॉर्ड्सवर निवृत्त झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे भारताकडून खेळली, ती आधी भाला आणि गोळा फेकायची. फेकण्याची ताकद मुलींच्या अंगात नसते असं म्हणणाऱ्याला तिचं नाव सांग. आणि सरावाचा चेंडू बघून घे. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. मुलांच्या चेंडूने रोज टाकून तुझं मनगट आणि बोटं वेळेआधी थकत असतील.

आत येणारा चेंडू हा दोष मानू नकोस. भारताच्या रेणुका सिंगने आत येणाऱ्या चेंडूवर भल्याभल्यांच्या दांड्या उडवल्या आहेत. तुझी अडचण तो लेगला सुटतो ही आहे. चेंडू सुटताना डोकं डावीकडे पडतं का ते बघ. डोकं पडलं की हात तिरका येतो आणि चेंडू लेगकडे ढकलला जातो. आधी डोकं सरळ कर, आऊटस्विंग नंतर.

आऊटस्विंगसाठी शिलाई दोन बोटांच्या मध्ये, अंगठा बरोबर खाली, शिलाई पहिल्या स्लिपकडे किंचित वळलेली, चकचकीत बाजू उजवीकडे. म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाला लेगच्या बाजूला. चेंडू आणि तळहात यांच्यात बोट जाईल एवढी फट ठेव. मनगट चेंडूच्या मागे ताठ, आणि सोडताना बोटं चेंडूच्या पाठीवरून सरळ खाली. रात्री गादीवर पडून चेंडू सरळ वर उडव आणि शिलाई डगमगते का ते बघ. जुन्या चेंडूच्या एका बाजूला मार्करने रंग लावलास तर लगेच दिसतं, दोन रंग वेगळे राहिले की शिलाई उभी आहे, मिसळले की मनगट फिरतंय. रोज दहा मिनिटं. याला मैदान लागत नाही की मुलं लागत नाहीत.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो. पोरगा १६ वर्षांचा, फास्ट बॉलर. जिममधले लोक म्हणतात तीन हजारांचा प्रोटीनचा डबा घ्या, नाहीतर वेग येणार नाही. घ्यावा का?

उत्तर : नको भाऊ. त्या पैशात चांगले बूट येतात आणि त्याला बुटांची जास्त गरज आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आपल्या ज्वारीच्या भाकरीला शेंगाचटणी आणि दही, सोबत घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, सकाळी दोन-तीन अंडी आणि रात्री दूध, एवढं रोज पोटात गेलं तर डब्याची गरज पडत नाही. अंडी चालत नसतील तर हरभरे आणि पनीर. सरावानंतर तासाभरात त्याला जेवायला मिळेल एवढं बघा, पोरं तिथे उपाशी राहतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा सराव सकाळी साडेसातच्या आत संपवा आणि बाटलीत पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा ताक द्या.

प्रश्न : गावातली पोरं म्हणतात मी थ्रो मारतो, म्हणजे बॉल टाकत नाही, फेकतो. बुमराचाही हात वाकलेला दिसतो, मग त्याला कसं चालतं? (बार्शी)

उत्तर : नियम कोपर वाकलेलं असण्याविरुद्ध नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होणं, हे नियमाला चालत नाही. डोळ्यांना न दिसणारी थोडी हालचाल सगळ्यांच्याच हातात असते म्हणून आयसीसीने १५ अंशांची मुभा ठेवली आहे. बुमराचं कोपर उलट्या बाजूला ताणलं जातं, ती त्याची शरीररचना आहे, ते थ्रोमध्ये धरत नाहीत. तुझा व्हिडिओ बाजूने काढ. खांद्याच्या पातळीला कोपर वाकलेलं आणि सुटताना सरळ दिसलं, तर पोरं खरं बोलतात. यॉर्कर आणि बाउन्सरलाच असं होत असेल तर तू त्या दोन चेंडूंना जास्तीचा जोर हाताने काढतोस. वर पहिल्या उत्तरात लिहिलेला एका पावलाचा सराव तुझ्यासाठीही आहे.

प्रश्न : सर, मी २४ वर्षांचा, एमआयडीसीत शिफ्टला जातो. टेनिसवर माझं नाव आहे. आता लेदरवर सुरुवात केली तर उशीर झाला का?

उत्तर : रणजीचं म्हणत असशील तर फार कठीण आहे, खोटी आशा दाखवत नाही. जिल्ह्याच्या आणि क्लबच्या सामन्यांत चांगला गोलंदाज व्हायला मात्र अजिबात उशीर झालेला नाही. शिवाय एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तुझी हाडं आता भरलेली आहेत. चौदाच्या पोराला जो भार झेपत नाही तो तुला हळूहळू वाढवत झेपेल.

फक्त वेगामागे जाऊ नकोस. श्रीरामपूरहून आलेला आपला झहीर खान भारताच्या संघाबाहेर होता तेव्हा २००६ मध्ये वूस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला, तिथे ७८ बळी घेतले आणि वेगळाच गोलंदाज होऊन परतला. वेग वाढवून नव्हे, चेंडू दोन्हीकडे हलवून आणि डोकं वापरून. टेनिसवाल्याला स्लोअर आणि यॉर्कर येतोच, तुला शिकायचाय तो ऑफ स्टंपच्या वरच्या टोकाला लागणारा गुड लेंथचा चेंडू, एकामागे एक सहा. रात्रपाळी असेल त्या दिवशी बॉलिंग करू नकोस, झोपेविना टाकणाऱ्याचे स्नायू लवकर फाटतात. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी चोवीस-तीस चेंडू, त्या दोन दिवसांच्या मध्ये किमान एका दिवसाची सुट्टी. सुट्टी असेल त्या रविवारी सकाळी पार्कवर ये. जाड तळव्याचे बूट घाल आणि नवा चेंडू विकत घेऊ नकोस, जुना चालेल.